मैदानाची चराईबंदी

शिवाजी पार्कात चार ऋतू असतात: चिखल, गवत, गर्दी आणि धूळ. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा ही शाळेतली नावं तिथे फारशी उपयोगाची नाहीत. जूनमध्ये चिखल होतो, ऑगस्टमध्ये गवत येतं, दसऱ्याला गर्दी सुरू होते आणि दिवाळीनंतर जी धूळ उडायला लागते ती पुढच्या चिखलापर्यंत उडतच राहते. नोकरीसाठी दादरला येऊन मला पाचवं वर्ष लागलंय, म्हणजे हे चक्र चार वेळा पूर्ण पाहून झालं. अस्मादिक मूळचे कळवणचे. त्यामुळे "तू मैदानाकडे शेतकऱ्यासारखा बघतोस" असं मित्र म्हणतात. त्यांच्या मते तो टोमणा असतो, मी कौतुक म्हणून घेतो :-)

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दादर पश्चिमेला, समुद्राला लागून म्हणता येईल इतकं जवळ, साधारण २८ एकरांचं हे मैदान. महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून ते शिवाजी पार्क झालं. चहूबाजूंनी कट्टा, त्याच्या कडेने चालणाऱ्यांची न संपणारी रांग. आत जिमखाना, समर्थ व्यायाम मंदिर, उद्यान गणेश, आणि उरलेल्या जागेत क्रिकेटच क्रिकेट. एका मॅचचा फाइन लेग हा दुसऱ्या मॅचचा कव्हर असतो आणि तरीही कोणाचं फारसं भांडण होत नाही, हे मला अजूनही कोडं आहे. २०२५ साली या मैदानाला शंभर वर्षं झाली.

आता ऋतू. पाऊस सुरू झाला की मैदान फुटबॉलवाल्यांचं. गुडघ्यापर्यंत चिखल आणि आनंदी चेहरे! याच दिवसांत कांगा लीगही असते. जगात सगळीकडे पाऊस आला की क्रिकेट बंद होतं, मुंबईत १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यातली स्पर्धा खेळतात. चेंडू कधी उसळेल, कधी तिथेच बसेल याचा नेम नाही, आणि अशा खेळपट्टीवर टिकला तो कुठेही टिकेल, हा त्यामागचा हिशेब. श्रावणात मैदानाला हिरवी साय धरते. गणपतीच्या सुमारास तर कट्ट्यावर बसून नुसतं बघत राहावं असं दिसतं. हे सुख महिना-दीड महिन्याचं.

मग दसरा. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला मेळावा इथे झाला, तेव्हापासून दसरा आणि शिवाजी पार्क हे समीकरण मुंबईला पाठ आहे. मग दिवाळीची रोषणाई. शाळांच्या, क्लबांच्या मॅचेस जोरात. रमाकांत आचरेकर सरांनी ज्या मैदानात पोरांना घडवलं तिथे आपलाही पोरगा पांढऱ्या कपड्यांत उभा राहावा म्हणून किट सांभाळत बसलेले आईबाप. (सरांचं स्मारकही डिसेंबर २०२४ मध्ये इथेच झालं.) ५ आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला लाखो लोक येतात. त्यातल्या कित्येकांचा मुक्काम या मैदानात असतो, आणि पुस्तकांचे स्टॉल असे लागतात की साहित्य संमेलनाने बघत राहावं. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाचं संचलन, १ मेला महाराष्ट्र दिनाचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा इथेच झाली. तीनच वर्षांनी, ६ फेब्रुवारी २०२२ ला, लता मंगेशकरांना शेवटचा निरोपही इथेच दिला गेला. एखाद्या गावाची जत्रा, शाळा, तालीम, सभा आणि स्मशानयात्रा सगळं एकाच माळावर व्हावं तसं आहे हे.

आणि मग धूळ. हिवाळ्यात मुंबईचा वारा मंदावतो, थंड हवा खाली साचून राहते आणि तिच्यात जे काही उडेल ते तिथेच तरंगत राहतं. संध्याकाळी सहाला मैदानावर दिवे लागले की त्या उजेडात लालसर धुकं दिसतं. ते धुकं नसतं. आमच्या घरमालकीणबाई (आम्ही त्यांना काकू म्हणतो) दिवाळीचे कंदील उतरले की मैदानाकडच्या खिडक्या लावून घेतात त्या थेट होळीनंतर उघडतात. त्यांना दमा आहे. गंमत म्हणजे याच काकू मुलांना मैदानातून हाकलण्याच्या सक्त विरोधात आहेत. त्यांचा मुलगा तिथेच खेळून मोठा झाला. "धूळ नको, पण पोरं हवीत," असं त्या म्हणतात. अख्खा प्रश्न या एका वाक्यात बसतो.

उपाय झाले नाहीत असं नाही. २०२१ च्या सुमारास महापालिकेने मोठं काम काढलं. मैदानात ठिकठिकाणी कंकण विहिरी खणल्या, पावसाचं पाणी त्यात मुरवायचं, तेच पाणी तुषार सिंचनाने फवारायचं आणि गवत लावायचं. कल्पना चांगलीच होती. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या कळवणला त्याच्या निम्म्यानेही पडत नाही आणि तेवढ्यावर लोक कांदा, डाळिंब, द्राक्षं काढतात. मग २८ एकर साधं गवत काढायला काय हरकत आहे? पण गवत टिकलं नाही, धूळ परत आली. लोकांच्या तक्रारी वाढल्या, २०२४-२५ च्या हिवाळ्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाने महापालिकेला लाल मातीचा वरचा थर काढायला सांगितलं, आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला. माती काढायची की राखायची, पाणी किती मारायचं, यावर दादरच्या प्रत्येक कट्ट्यावर एक तज्ज्ञ तयार झाला.

माझा तज्ज्ञ मात्र कळवणहून आला होता. काका डिसेंबरात डोळे दाखवायला मुंबईत आले होते. सकाळी त्यांना मैदानात घेऊन गेलो. माझी इच्छा होती की त्यांनी क्रिकेट बघावं, ते मात्र खाली बघत चालत होते. मधेच थांबले, चपलेच्या टोकाने जमीन खरवडली, वरची लाल भुकटी बाजूला केली, खाली टाच आपटून पाहिली आणि म्हणाले,

"हे तर खळं झालं रे."

"पाणी मारतात की काका रोज. फवारे आहेत."

"अरे, खळं पाणी मारूनच करतात ना."

मी गप्प! मळणी यंत्र आल्यापासून खळी गेली, त्यामुळे नवीन पिढीसाठी सांगायला हवं. धान्य मळायला कडक, सपाट जागा लागायची. ती कशी करायची? जागा निवडायची, गवत काढायचं, पाणी शिंपडायचं आणि ओल्यावर बैल गोल गोल फिरवायचे. पुन्हा पाणी, पुन्हा बैल. दोन-चार दिवसांत जमीन दगडासारखी होते. वरून शेणाने सारवलं की झालं. त्या जागेवर पुढे गवत उगवायची बिशाद नाही.

यामागचं शास्त्र सोपं आहे. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा मोकळी असते, कणांच्या मधल्या फटी. त्यातून हवा आणि पाणी खेळतं, मुळं वाट काढतात. माती कोरडी असताना तुडवली तर वरचा चुरा होतो. ओली असताना तुडवली तर कण एकमेकांवर घसरून घट्ट बसतात आणि त्या फटी बंद होतात. मग पाणी मुरत नाही, वाहून जातं. मुळांना जागा मिळत नाही. म्हणून शेतकरी पावसानंतर लगेच शेतात उतरत नाही, वाफशाची वाट बघतो. वाफसा म्हणजे जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, अशी पाय ठेवायला तयार झालेली अवस्था. वाफसा येण्याआधी शेतात औत घातलं तर पुढे अख्खा हंगाम ढेकळं फोडत बसावं लागतं. आता आपल्या मैदानाचं वेळापत्रक आठवा. गवताची मुळं धरायची ती जून-जुलैत, नेमक्या त्याच दिवसांत ओल्या मातीवर फुटबॉल. गवताला विसावा हवा तो पावसानंतर, नेमका तेव्हा हंगाम सुरू. आणि उरलेले आठ महिने फवारे आणि पाय, फवारे आणि पाय. नुसतं पाणी मारून मैदान हिरवं होईल ही समजूत काकांच्या भाषेत सांगायची तर खळ्यावर पीक घेण्यासारखी आहे.

"खळं निदान सारवतात," काका परत येताना म्हणाले, "हे नुसतंच तुडवलंय."

जाता जाता त्यांना गवताची जात सांगितली. मैदानांवर सगळीकडे बर्म्युडा लावतात, पायाला चिवट म्हणून. हे बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. काकांचा अर्धा जन्म बांधावरची हरळी खणून काढण्यात गेला. माणसं ही पैसे देऊन लावतात आणि तरी ती जगत नाही, हे ऐकून ते भर रस्त्यात थांबून हसले. हरळी मारायची असेल तर पोरांना क्रिकेट खेळायला बोलवावं, हा नवीन शोध ते गावी घेऊन गेले आहेत.

असो. तर मुद्दा असा की मैदानाला पाण्याइतकीच, कदाचित थोडी जास्तच, विश्रांती हवी. आपल्याकडे हे नवीन नाही. गावोगावी कुरण राखायची पद्धत होती: पावसाळाभर जनावरं आत सोडायची नाहीत, दसरा-दिवाळीला गवत पिकून बी झडलं की मग कापणी. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, जे नियम पाळले त्यात कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान यांच्या जोडीला चराईबंदी होती. डोंगरावर मोकाट चराई नाही, गवत हवं तर विळ्याने कापून डोक्यावरून न्या. उघडे डोंगर हिरवे झाले.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कलाही हे वळसा घालून कळलं. तिथल्या ग्रेट लॉन नावाच्या हिरवळीवर १९८१ साली सायमन आणि गारफंकल यांच्या मैफलीला पाच लाखांच्या आसपास लोक जमले होते. मैफली, सभा, खेळ सगळं चालू राहिलं आणि त्या हिरवळीचा धुळीचा माळ झाला. मग नव्वदच्या दशकात ती खणून, माती सुधारून, पुन्हा लावली आणि १९९७ साली उघडली. पण खरी गोष्ट त्यापुढची आहे. आता ती नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बंद असते, मोठे कार्यक्रम मोजकेच होतात, आणि पाऊस पडून जमीन ओली असली की लाल झेंडा लावून त्या दिवशी कोणालाच आत सोडत नाहीत. थोडक्यात, न्यूयॉर्कवाले वाफशाची वाट बघतात! :-)

इथवर सगळं छान आहे. इथूनच अवघड भाग सुरू होतो, कारण चराईबंदी लागली की पहिला फटका कोणाला बसतो हे खेड्यातल्या माणसाला नीट माहीत असतं. ज्याच्याकडे दहा एकर आणि चाऱ्याच्या गंजी आहेत त्याला नाही. ज्याच्याकडे जमीन नाही आणि दोन शेळ्या आहेत, त्याला. शिवाजी पार्क उद्या चार महिने बंद केलं तर मी काय करीन? जिमला जाईन. आमची टीम ताशी पैसे भरून टर्फवर खेळेल. दादर-माहीमच्या चाळींमधली, दहा बाय बाराच्या खोलीतली पोरं कुठे जातील? आणि ६ डिसेंबरला रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला "गवत लावलंय, बाहेर थांबा" असं सांगायला कोण जाणार? तसं कोणी सांगूही नये.

दक्षिण मुंबईतल्या ओव्हल मैदानाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तेही एके काळी बकाल झालं होतं. नव्वदच्या दशकात रहिवाशांची संघटना उच्च न्यायालयात गेली, लढली, मैदानाची निगा त्यांनी हाती घेतली. कुंपण आलं, गवत आलं, क्रिकेटही चालू राहिलं. २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत तिथल्या इमारतींबरोबर ओव्हलही गेलं. रहिवाशांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं याचा हा धडा आहेच. पण ओव्हलवर दसरा मेळावा नसतो आणि लाखोंचा मुक्काम नसतो. शिवाजी पार्काला तसंच करायचं म्हटलं तर जे वाचेल ते मैदान शिवाजी पार्क राहील का, याची मला शंका आहे.

मला वाटतं उत्तर चराईबंदीतच आहे, फक्त ती पाळीपाळीने हवी. अनुभवी गुराखी अख्खा माळ एकदम चारत नाही. आज ही बाजू, पुढच्या पंधरवड्यात ती. आम्ही आयटीवाले हेच करतो आणि त्याला रोलिंग रीस्टार्ट असं भारदस्त नाव देतो. दहा सर्व्हर असतील तर एक बाजूला काढायचा, दुरुस्त करायचा, परत जोडायचा, मग दुसरा. वापरणाऱ्याला कळतही नाही. २८ एकरांचे सात तुकडे पाडले तर एका वेळी चारच एकर विश्रांतीला जातात. पावसाच्या तोंडावर त्या तुकड्याची माती मोकळी करायची, हरळी लावायची, दोरी बांधायची आणि मुळं खोल जाईपर्यंत तिथे कोणी म्हणजे कोणी पाय ठेवायचा नाही. ना क्लबने, ना सभेने, ना सकाळी लाफ्टर क्लबवाल्यांनी. पुढच्या वर्षी पुढचा तुकडा. सात वर्षं लागतील. शंभर वर्षांच्या मैदानाला सात वर्षं जास्त नाहीत.

वर्षातून दोन दिवसांची गर्दी, कितीही मोठी असली तरी, मुरलेलं गवत सोसतं. आच्छादन टाकलं, उचललं, पाणी दिलं की ते पुन्हा उठतं. त्याला मारतो तो रोजचा, त्याच वाटेवरचा पाय. मैदानावर दुपारी उभं राहून पाहिलं तर त्या वाटा स्पष्ट दिसतात: प्रवेशद्वारापासून खेळपट्टीपर्यंत, खेळपट्टीपासून नळापर्यंत, आणि कट्ट्याला वळसा नको म्हणून आपण सगळे मधून जातो ती तिरकी वाट. सभांवर नियम करणं सोपं आहे. २०१० साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि सभांचे दिवस मोजून मिळू लागले. रोजच्या पायांवर नियम कोणी करत नाही, कारण ते तुमचे-माझे असतात.

म्हणून दोरी पहिल्यांदा बांधायचीच असेल तर ज्यांना दुसरीकडे जाणं परवडतं त्यांच्या वाटेवर बांधावी असं मला वाटतं. हिवरे बाजारात गवत कापून नेता येत होतं, म्हणजे बंदीत गरिबाच्या शेळीची सोय धरलेली होती. इथे ती सोय आपल्या बाजूने व्हायला हवी. शनिवार-रविवारच्या ऑफिसच्या मॅचेस टर्फवर न्याव्यात, त्या वेळात ती जागा शाळेच्या पोरांना मिळावी, म्हणजे त्यांचा तुकडा विश्रांतीला गेला तरी त्यांना खेळायला जमीन उरेल. चालणाऱ्यांनी कट्ट्याच्या कडेने चालावं. एवढ्याने गवत उगवेल असं नाही, पण दोरी बांधायची वेळ आली की "आधी त्यांना सांगा" असं म्हणायची सोय तरी राहणार नाही.

आमच्या टीममध्ये याच्यावर मतदान घेतलं. सात विरुद्ध चार. रविवार सकाळचा खेळ यंदा माहीमच्या एका टर्फवर. माणशी दीडशे रुपये पडतात आणि चेंडू जाळीला लागून परत येतो, त्यामुळे षटकार मारल्याचं समाधान काही मिळत नाही. चौघेजण अजून कुरकुरतायत. काकांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "पाऊस कधी सांगितलाय तुमच्याकडे?"